'पासून', 'पर्यंत' आणि संगणक

'मी १० तारखेपर्यंत रजेवर आहे,' असे एखाद्या शिक्षकाने सांगितले, तर १० तारखेला ते वर्गावर येतील का? आपण सगळे 'नाही' असेच उत्तर देऊ. १० तारीख रजेतच धरलेली आहे. आता दुसरे वाक्य पाहा. 'गणिताचा तास ११ वाजेपर्यंत आहे.' ११ वाजून ५ मिनिटांनी गणिताचे शिक्षक वर्गात असतील का? याचेही उत्तर 'नाही'. पहिल्या वाक्यातील 'पर्यंत'मध्ये १० हा आकडा सामावलेला आहे, दुसऱ्यातील 'पर्यंत' ११ च्या ठोक्याला संपतो. शब्द एकच, पण अर्थ दोन. माणसांना यामुळे अडचण येत नाही, कारण संदर्भावरून आपण योग्य तो अर्थ घेतो. संगणकाला मात्र संदर्भ कळत नाही. त्याला यांपैकी एकच अर्थ ठाऊक असतो, आणि तो आपल्या मनातला असेलच असे नाही.

शाळांचे हजेरीपत्रक, ग्रंथालयाची देवघेव, शुल्काच्या पावत्या हे सारे आता संगणकावर असते. 'गेल्या महिन्यात किती?' हा प्रश्न त्याला रोज विचारला जातो. उत्तर चुकले तर संगणक तक्रार करीत नाही. तो शांतपणे एक चुकीची संख्या देतो. अशी चूक कशी होते आणि ती टाळण्याची साधी रीत कोणती, हे या लेखात पाहू या.

पावसाची हरवलेली बेरीज

प्रथम आमचीच एक फजिती सांगतो. एका प्रकल्पासाठी आम्ही स्वयंचलित पर्जन्यमापक बसवला होता. त्यात एक छोटी डोलणारी पन्हळ असते. ठरावीक पाणी साठले की ती एका बाजूला कलते, रिकामी होते आणि त्या क्षणाची तारीख व वेळ संगणकात नोंदली जाते. शेजारीच नेहमीचा साधा पर्जन्यमापकही होता. आमचे एक सहकारी रोज सकाळी साडेआठला त्यातले पाणी मोजून वहीत लिहीत. हंगाम संपल्यावर आम्ही दोन्हींच्या महिनावार बेरजा ताडून पाहिल्या. संगणकाची बेरीज जवळजवळ प्रत्येक महिन्यात कमी भरत होती. आम्ही यंत्र उघडले, पन्हळ पुसली, गाळणीतला पालापाचोळा काढला. यंत्रात काहीच दोष नव्हता. दोष आमच्या प्रश्नात होता.

ही माहिती रिलेशनल डेटाबेसमध्ये, म्हणजे कोष्टकांच्या रूपात ठेवलेली होती. १९७० साली आयबीएम कंपनीतील एडगर कॉड यांनी ही पद्धत मांडली. माहिती ओळी आणि स्तंभांच्या कोष्टकांत ठेवायची आणि 'कोणत्या ओळी हव्यात' एवढेच अटींच्या रूपाने सांगायचे. त्या कशा शोधायच्या ते संगणकाने पाहायचे. अशा अटी सांगण्याची भाषा म्हणजे एसक्यूएल. तिच्यात 'बिटवीन' नावाची एक सोयीची अट आहे. आम्ही जूनसाठी ती अशी वापरली होती :

वेळ बिटवीन १ जून आणि ३० जून

वाचायला हे अगदी बरोबर वाटते. पण 'वेळ' या स्तंभात नुसती तारीख नसून तास, मिनिटे आणि सेकंदही होते. अशा स्तंभाशी तुलना करताना नुसत्या '३० जून' या तारखेचा अर्थ संगणक '३० जून, ००:०० वाजता' असा घेतो. म्हणजे २९ जूनची मध्यरात्र उलटली, त्या क्षणाला आमचा 'जून' संपत होता. ३० तारखेचा सगळा पाऊस गणतीबाहेर! जुलैची बेरीज १ जुलैच्या ००:०० पासून सुरू होत होती, त्यामुळे तो पाऊस कोणत्याच महिन्यात जमा झाला नाही. शेवटचा दिवस कोरडा गेलेल्या महिन्याची बेरीज जवळपास जुळे, म्हणून चूक आणखीच लपून राहिली.

अर्धवट उपाय

ही चूक लक्षात आल्यावर पहिला उपाय सुचतो तो असा, की शेवट '३० जून, २३:५९:५९' लिहावा. आम्हीही तेच केले. पण शेवटच्या सेकंदाच्या पोटात, म्हणजे २३:५९:५९ नंतर अर्ध्या सेकंदाने, एखादी नोंद झाली तर ती पुन्हा निसटते. मग पुढे .९९९ जोडावे का? त्यातही गंमत आहे. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमधील 'डेटटाइम' हा जुना प्रकार वेळ सेकंदाच्या तीनशेव्या भागापर्यंतच ठेवतो. तेथे २३:५९:५९.९९९ लिहिले की जवळच्या मूल्यापर्यंत पूर्णांकन होऊन ती वेळ दुसऱ्या दिवसाची ००:०० होते! मग १ जुलैच्या पहिल्या क्षणाची नोंद जूनमध्येही येते आणि जुलैमध्येही. 'दिवसाचा शेवटचा क्षण' शोधण्याचा हा खटाटोपच मुळात व्यर्थ आहे. काळ सलग आहे. १ या संख्येच्या लगेच आधीची संख्या जशी सांगता येत नाही, तसा मध्यरात्रीच्या लगेच आधीचा क्षणही सांगता येत नाही.

दुसरा उपाय म्हणजे प्रत्येक नोंदीच्या वेळेतून तास-मिनिटे छाटून नुसती तारीख काढायची आणि तिची तुलना करायची. उत्तर बरोबर येते, पण काम मंदावते. मोठ्या कोष्टकासाठी संगणक वेळेच्या क्रमाने लावलेली एक सूची ठेवतो. शब्दकोशात आपण 'म' पर्यंतची पाने न वाचता थेट तेथे उघडतो, तसे या सूचीमुळे त्याला थेट १ जूनवर जाता येते. पण आपण प्रत्येक वेळेवर आधी काही क्रिया करायला सांगितली, तर ती सूची बहुतेक वेळा निरुपयोगी ठरते आणि संगणकाला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सारे कोष्टक वाचावे लागते. शंभर ओळींत हे जाणवत नाही, काही कोटी ओळींत मात्र चांगलेच जाणवते.

सुरुवात आत, शेवट बाहेर

खरा उपाय शाळेच्या घंटेत आहे. ११ चा ठोका पडला की गणिताचा तास संपतो आणि त्याच ठोक्याला इतिहासाचा सुरू होतो. ११ हा क्षण इतिहासाचा, गणिताचा नव्हे. म्हणजे प्रत्येक तासात त्याची सुरुवात मोडते, पण शेवट मोडत नाही. गणिती भाषेत याला अर्धखुले अंतराल म्हणतात. जूनसाठी अट अशी होते :

वेळ >= १ जून, ००:०० आणि वेळ < १ जुलै, ००:००

यात जूनचा शेवटचा क्षण कोठेच लिहावा लागला नाही. जुलैचा पहिला क्षण लिहिला आणि 'त्याच्या आत' एवढेच सांगितले. या रीतीचे फायदे ओळीने पाहू.

एक, लागोपाठचे कालखंड बिनचूक जुळतात. जूनचा शेवट तीच जुलैची सुरुवात. मध्ये फट नाही, दुहेरी मोजणीही नाही. बारा महिन्यांची बेरीज ही वर्षाच्या बेरजेइतकीच येणार. दोन, कालखंडाची लांबी नुसत्या वजाबाकीने मिळते. 'अधिक एक' करायचे की नाही हा घोळ उरत नाही. तीन, महिना २८ दिवसांचा, २९ चा की ३१ चा, हे ठाऊक असण्याची गरज नाही. फेब्रुवारीचा शेवट म्हणजे १ मार्च, वर्ष लीप असो वा नसो. चार, वेळ सेकंदापर्यंत नोंदवलेली असो वा सेकंदाच्या लक्षांशापर्यंत, अट तीच राहते.

डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९८२ साली लिहिलेल्या एका टिपणात हाच युक्तिवाद पूर्णांकांसाठी केला आहे. २ ते १२ या संख्या चार प्रकारे लिहिता येतात. दोन्ही टोके आत घेऊन, दोन्ही बाहेर ठेवून, किंवा एकच आत घेऊन. त्यांची पसंती '२ पासून, १३ च्या आत' या प्रकाराला होती. १३ उणे २ बरोबर ११, आणि संख्याही अकराच आहेत.

आपल्या बोलण्यात 'अधिक एक'चा घोळ किती मुरलेला आहे, हे विद्यार्थ्यांना दाखवण्यासारखे आहे. 'आजपासून आठ दिवसांनी ये' असे म्हटले की आपण पुढच्या आठवड्यातला तोच वार समजतो. प्रत्यक्षात अंतर सात दिवसांचे असते. आज धरून मोजले म्हणून आठ. 'पंधरा दिवसांनी' म्हणजे पुष्कळदा चौदा दिवसांनी. दोन्ही टोके मोजण्याची ही सवय चुकीची नाही, पण तीच सवय वजाबाकी करणाऱ्या यंत्राला लावली की हिशेब एकाने चुकतो.

दिवस कोठे सुरू होतो?

आमच्या बेरजांकडे परत येऊ. अट सुधारल्यावर संगणकाच्या आणि वहीच्या संख्या जवळ आल्या, पण तंतोतंत जुळल्या नाहीत. एका महिन्यात संगणक जास्त दाखवी, दुसऱ्यात कमी. या वेळी कारण निराळे होते. भारतात पावसाचा दिवस मध्यरात्री सुरू होत नाही. हवामानशास्त्र विभागाच्या पद्धतीप्रमाणे सकाळी साडेआठला मोजलेला पाऊस हा मागील २४ तासांचा असतो आणि तो मोजणीच्या तारखेला नोंदला जातो. वहीतील जून म्हणजे ३१ मेच्या सकाळी साडेआठपासून ३० जूनच्या सकाळी साडेआठपर्यंतचा काळ. आमचे सहकारी तीच पद्धत पाळत होते. आम्ही ते जाणत होतो, पण प्रश्न लिहिताना विसरलो.

या फरकाचे सर्वांच्या आठवणीतले उदाहरण म्हणजे मुंबईचा २६ जुलै २००५ चा पाऊस. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला; कुलाब्याला त्याच काळात ७५ मिलिमीटरही झाला नाही. पावसाचा मोठा भाग २६ तारखेच्या दुपारी आणि संध्याकाळी कोसळला, म्हणून लोकांच्या तोंडी तो 'सव्वीस जुलै' आहे. परंतु ९४४ हा आकडा २७ जुलैच्या सकाळी साडेआठला संपलेल्या २४ तासांचा आहे. मोजणीची तारीख लिहिलेल्या कोष्टकात एखाद्या विद्यार्थ्याने '२६ जुलै २००५ चा पाऊस किती?' असे विचारले, तर त्याला आदल्या दिवसाचा आकडा मिळेल आणि महापुराचा दिवस साधारण पावसाचा वाटेल! दोष कोष्टकाचा नाही. 'दिवस' म्हणजे कोठून कोठपर्यंत, हे आधी ठरवायला हवे होते.

साडेआठ हीच वेळ का, याचे उत्तर सोपे आहे. भारतीय प्रमाणवेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. आपले सकाळचे ८:३० म्हणजे जागतिक वेळेप्रमाणे ३:००. अनेक डेटाबेसमध्ये वेळा जागतिक प्रमाणाने साठवतात. तेथे आपला १ जून हा ३१ मेच्या १८:३० ला सुरू होतो, हे विसरले तर पहाटे साडेपाचपर्यंतच्या सर्व नोंदी आदल्या दिवशी जमा होतात.

पंचांगातील प्रश्न

एखादा क्षण कोणत्या कालखंडात पडतो, हा प्रश्न आपल्याकडे संगणकाच्या पुष्कळ आधीपासून विचारला जातो. चंद्र सूर्याच्या पुढे १२ अंश सरकला की एक तिथी पूर्ण होते. चंद्राची गती कमीजास्त होत असल्याने तिथी सुमारे १९ ते २६ तासांची असते. सूर्योदयाच्या क्षणी जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची तिथी. एका कोष्टकात तिथींच्या सुरुवाती आणि शेवट, दुसऱ्यात रोजचे सूर्योदय असे मांडले, तर अट होते :

तिथीची सुरुवात <= सूर्योदय आणि सूर्योदय < तिथीचा शेवट

अट अर्धखुली असल्यामुळे प्रत्येक सूर्योदयाला नेमकी एकच तिथी मिळते. उलट प्रत्येक तिथीला नेमका एकच सूर्योदय मिळेल असे मात्र नाही. लहान तिथी दोन सूर्योदयांच्या मधल्या काळातच सुरू होऊन संपली, तर तिला एकही सूर्योदय लाभत नाही. तो तिथीचा क्षय. मोठ्या तिथीत दोन सूर्योदय आले की तिथीची वृद्धी. क्षय आणि वृद्धी हे दोन्ही या एका अटीतून आपोआप बाहेर पडतात.

दोन कालखंड एकमेकांवर आले तर

आता थोडा अवघड प्रश्न घेऊ. 'ऑगस्टच्या १० ते १५ या दिवसांत कोणकोण शिक्षक रजेवर होते?' येथे क्षण नाही. एका कालखंडाची तुलना दुसऱ्याशी करायची आहे. रजेच्या कोष्टकात पहिला दिवस असतोच. शेवटासाठी आपल्या कचेऱ्यांत एक फार चांगला शब्द रूढ आहे, तो म्हणजे 'रुजू दिनांक'. '१० ते १५ रजा, १६ रोजी रुजू' असे आपण अर्जात लिहितो. १६ हा रजेत नसलेला पहिला दिवस, म्हणजे अर्धखुल्या अंतरालाचे उघडे टोकच! अमूर्त वाटणारी कल्पना आपल्या टेबलावर आधीपासून होती. आपला कालखंड म्हणून १० पासून १६ च्या आत असा झाला.

पुष्कळजण अट अशी लिहितात, की रजेची सुरुवात या कालखंडात असावी किंवा रजेचा शेवट या कालखंडात असावा. चार शिक्षक घेऊन तपासू. पहिले ८ पासून रजेवर, १२ ला रुजू. दुसरे १३ पासून, २० ला रुजू. तिसरे ११ पासून, १४ ला रुजू. चौथे १ ऑगस्टपासून, १ सप्टेंबरला रुजू. पहिल्या तिघांना ही अट पकडते. चौथ्या शिक्षकांच्या रजेची सुरुवातही या दिवसांत नाही आणि शेवटही नाही, म्हणून ते यादीत येत नाहीत. सर्वांत लांब रजेवरचा माणूसच कामावर हजर ठरतो आणि त्याच्या वर्गावर बदली शिक्षक जात नाही.

मग सर्व शक्यता मांडाव्यात का? जेम्स ॲलन यांनी १९८३ साली दाखवले, की दोन कालखंडांमध्ये तेरा प्रकारचे संबंध असू शकतात : एक आधी, एक नंतर, टोके भिडलेली, एकात दुसरा सामावलेला, वगैरे. तेरा अटी लिहिण्यापेक्षा प्रश्न उलटा करणे सोपे. दोन कालखंड एकमेकांवर येत नाहीत, ते केव्हा? दोनच प्रसंगी : पहिला संपल्यावर दुसरा सुरू होतो, किंवा दुसरा संपल्यावर पहिला. या दोन्हींचा नकार केला की हवी ती अट मिळते :

रजेचा पहिला दिवस < १६ ऑगस्ट आणि रुजू दिनांक > १० ऑगस्ट

चारही शिक्षक यात येतात, हे वाचकांनी ताडून पाहावे. ५ पासून रजेवर असलेले आणि १० ला रुजू झालेले शिक्षक मात्र येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. सभागृहाचे आरक्षण, परीक्षेच्या खोल्या, बसच्या फेऱ्या, सगळीकडे हीच दोन तुकड्यांची अट पुरते.

रिकामा रकाना

एक सापळा अजून उरला. शाळेच्या सेवापटात 'रुजू' आणि 'सेवासमाप्ती' असे दोन स्तंभ आहेत, आणि जे आजही सेवेत आहेत त्यांचा दुसरा रकाना रिकामा आहे असे समजा. '२०१५ साली शाळेत कोण होते?' यासाठी वरच्यासारखीच अट लिहिली : रुजू < १ जानेवारी २०१६ आणि सेवासमाप्ती > १ जानेवारी २०१५. रिकाम्या रकान्याशी तुलना केली की एसक्यूएलचे उत्तर 'होय' नसते, 'नाही'ही नसते. ते 'अज्ञात' असते. आणि ज्या ओळींचे उत्तर 'होय' आहे त्याच यादीत येतात. परिणाम असा, की २०१५ मध्ये किंवा त्यानंतर शाळा सोडून गेलेले तेवढे यादीत दिसतात, आणि तेव्हापासून आजही शिकवत असलेले सगळे गायब होतात! म्हणून अटीत 'सेवासमाप्ती रिकामी आहे किंवा' हे शब्द जोडावे लागतात.

या विषयाची गरज इतकी जाणवली, की २०११ च्या एसक्यूएल मानकात कालखंडांसाठी वेगळी सोय करण्यात आली. तेथेही सुरुवात आत, शेवट बाहेर हाच नियम आहे. पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसमध्ये २०१२ पासून कालखंड हा एक स्वतंत्र प्रकार म्हणून साठवता येतो. एका सभागृहाची दोन आरक्षणे एकमेकांवर येऊच द्यायची नाहीत, असा निर्बंधही तेथे कोष्टकावरच घालता येतो.

वर्गात करून पाहण्यासारखे

हे सारे शिकवायला संगणक लागत नाही. वर्गाचे वेळापत्रक फळ्यावर काढावे आणि विचारावे : ११ चा ठोका कोणत्या तासाचा? मग कॅलेंडर समोर ठेवून विचारावे : १० ते २० तारीख म्हणजे किती दिवस? काही मुले दहा म्हणतील, काही अकरा. दोन्ही गटांना आपले उत्तर समजावून सांगू द्यावे. नंतर कागदाच्या दोन पट्ट्या एका रेषेवर सरकवून त्या एकमेकांवर केव्हा येतात, याचा नियम मुलांनाच शोधू द्यावा. 'केव्हा येत नाहीत?' असा उलटा प्रश्न त्यांना सुचला, तर तर्कशास्त्राचा एक मोठा धडा तेथेच शिकून होतो.

आमच्या प्रकल्पात शेवटी संगणकाची चूक पकडली ती रोज साडेआठला लिहिल्या गेलेल्या वहीने. ती वही नसती, तर प्रत्येक महिन्याचा शेवटचा पाऊस न पडल्यातच जमा झाला असता आणि आम्ही त्या बेरजांवर निष्कर्ष काढून मोकळे झालो असतो. संगणकाने दिलेली संख्या वापरण्यापूर्वी एवढे तरी विचारावे : ही कधीपासूनची आणि कधीपर्यंतची, आणि त्यात शेवटचा दिवस आहे का?